अब्बांची तोबा

१० जाने., शुक्र. दम्माम
जुम्म्याच्या नमाजाहून आलो तर सनाचा मेसेज. पोरगी टोरांटोत संगीत शिकते. यंदा विषय घेतलाय पूर्व युरोपातल्या ज्यू चोर-खिसेकापूंची जुनी गाणी. यिडिशमध्ये, त्यांच्या जुन्या बोलीत. एक पाठवलं, खाली अर्थ: तुरुंगातला चोर आईला सांगतो, सणाला माझं ताट मांडू नको, शेजारी विचारतील.
तीनदा ऐकलं. जेवण तसंच.
‘पप्पा, दादा भी तो ऐसा ही कुछ गाते थे ना? रेकॉर्ड करके भेजो, प्लीज.’

११ जाने.
सनाला काय सांगू?
अब्बा, म्हणजे तिचे दादा, तरुणपणी लाँचवर होते. चोरटं सोनं उतरवायचे. दोन वर्षं आत काढली, येताना तिथलं एक गाणं घेऊन आले. सना लहान असताना उमऱ्याच्या यात्रेला इकडे आले, तेव्हा आमच्याकडे सासरची मंडळी जेवायला होती. बिर्याणी वाढतोय तोवर हे मांडी ठोकत सुरू: ‘सोना गेला पाण्यात, आये, बेडी आली हातात...’ सासरे ताटात बघत बसले.
आठवड्याने मक्केत, काब्यासमोर, मी त्यांच्याकडून तोबा करवून घेतली. हे गाणं पुन्हा ओठांवर आणणार नाही म्हणून. नाव धर्माचं. खरं तर मला लाज वाटली होती. नालायकपणा, दुसरं काय.

१७ जाने., शुक्र.
अब्बांना फोन, श्रीवर्धनला. ऐंशी उलटली, दोन वाक्यांत दम लागतो. भीत भीत विषय काढला.
‘तूच तोबा करवलीस ना रे बाला?’ रागाने नाही, साधंच.
म्हटलं, चूक माझी होती, मोडा ती तोबा.
‘चूक तुझी असंल. तोबा माझी हाय.’
त्यांच्यासोबतचे लाँचवाले सगळे गेले. गाणं आता एकट्या त्यांच्यापाशी, आणि कुलूप मीच घातलेलं.

२४ जाने., शुक्र.
आज त्यांचाच फोन. सनाने परस्पर त्यांना ते चोराचं गाणं ऐकवलंय.
‘ताट नको मांडू बोलतो ना तो? खरा बोलतो.’ मग दम घेतला. ‘मी गायचा नाय. तू गा. चुकलास का खोकीन.’
दार लावलं. रेकॉर्डिंग सुरू केलं. या वयात, बापासमोर, बेसूर गायलो.
पहिल्याच ओळीला खोकले. पुन्हा म्हटली. पुन्हा खोकले. तिसऱ्यांदा गप्प.
दुसरी ओळ मला येतच नाही. कधी नीट ऐकलीच नव्हती. अब्बा फोन धरून थांबलेले.