वाणाची गाजरं

३ जानेवारी
भाजी तपासायच्या नव्या नोकरीसाठी सकाळी वळसंगला पोहोचले. मालक उदयसिंहदादांनी स्वतःची जीप पाठवली होती. भाजी धुऊन भरायची शेड त्यांच्या शेतातच आहे. शेजारी माझी तपासणीची खोली, मागे राहायची. ऊन भरपूर. त्यांच्या आई बजाबाईंनी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि कच्ची मेथी वाढली. म्हणाल्या, शेरातली पोर हाय, पाला खाती का बगू. खाल्ला. दोघी हसलो. इतकी चांगली सुरुवात मला कुठल्याच नोकरीत मिळाली नव्हती.

५ जानेवारी
गाजरं हौदात टाकून बायका पायांनी घासतात. पाणी विहिरीचं. विहिरीच्या वरच्या अंगाच्या रानात सांगोल्याकडच्या धनगराची मेंढरं बसवली आहेत, खतासाठी. काल अवकाळी पाऊस झाला. लेंड्यांचा ओघळ थेट विहिरीत उतरलेला आहे.
हौदातल्या पाण्याचा नमुना तपासणीला लावला. निकालाला दोन दिवस लागतील, पण गाडी आजच निघाली. इथे तपासणारानं हौदातलं गाजर सगळ्यांसमोर खायचं, मगच गाडी हलते. मी निकालापर्यंत थांबायला सांगितलं. बायकांचे पाय थांबले. बजाबाईंनी विचारलं, आमचं पाणी बाटलं व्हय गं? मी अर्धं गाजर खाल्लं. हे चुकलं.

७ जानेवारी
नमुन्यात विष्ठेतले जंतू निघाले. रक्ती हगवण लावणारी जात असल्याचा संशय आहे. खात्रीसाठी पुण्याला पाठवावं लागेल. हौद बंद करा, माल थांबवा, असं दादांना सांगितलं. ते हसले. आजोबा ह्याच हिरीचं पिऊन नव्वदीला गेलं, तवा पाणी काचंत घालून कुणी बगितलं न्हवतं, म्हणाले. मग हसू थांबलं. संक्रांतीच्या तोंडावर हे बाहेर बोलायचं नाही, असं बजावलं. तपासणीच्या खोलीची किल्ली त्यांनी स्वतःकडे ठेवली.

८ जानेवारी
पोटात पीळ. दुपारपासून शौचातून रक्त. सोलापूरच्या दवाखान्यात न्या म्हटलं. दादांचं उत्तर: तिथं गेलीस की माझा माल पेपरात. बजाबाई लिंबूपाणी ठेवून गेल्या. जाताना बाहेरून कडी घातली. फोन उशाखाली होता. आता नाही.

१० जानेवारी
दार ठोठावलं. बायका हौदात गाणं म्हणत होत्या. आवाज वाढवला त्यांनी. एकीनं इकडे पाहिलं, मग पाठ केली.

११ जानेवारी
लघवी बंद. चेहरा सुजलाय. मूत्रपिंडं. अजून वेळ आहे — आज नेलं तर.
बजाबाई दाराबाहेरून म्हणाल्या, नाटकं बास कर की. संक्रांतीची गाडी जाऊ दे, मग बगू.

१२ जानेवारी
खिडकीच्या गजांतून गाडी दिसते. उद्या भोगी. परवा सुगडात हीच गाजरं, कच्ची, वाण म्हणून घरोघरी —
गाडीवाला गुरुशांत चढला. त्याची मुलगी रुपाली शेजारी बसलीय. चारेक वर्षांची. हातात गाजर.
ओरडले. घशातून नुसती हवा.
पेला गजांवर आपटला. रुपालीनं पाहिलं. हात हलवला. मी खाऊ नको अशी खूण — तिला वाटलं, खेळतेय. हसली. चावा —
गुरुशांतनं इंजिन बंद केलं. उतरला. इकडेच येतोय. दादा मधे आले. त्याच्या खांद्यावर हात, काहीतरी सांगताहेत. तो माझ्याकडे बघतो — मी गज धरून — गाजर, तिचं गाजर दाखवते —
दादांनी आपल्या डोक्याशी बोट फिरवलं. येडी हाय म्हणून.
गुरुशांत हसला. वळला —
इंजिन —
कडी निघाली. बजाबाई आत. वही मागताहे