बिनरेघेचं सारवण

आई, तू शेणाची पाटी कडेला ठेवलीस, पदर खोचलास आणि मला म्हणालीस, "मागं मागं सरत जा, पाय उमटवू नको." मढच्या आपल्या घरापुढं अजून ऊन आलेलं नव्हतं. मी विहिरीवरून पाणी आणलं होतं, गोठा झाडला होता, चुलीतली राख काढून परसात टाकली होती. रोजच्यासारखीच सकाळ. शेणात तांबडी माती आणि मूठभर भाताचं तूस कालवून तू सारवायला बसलीस. तुझा हात फिरेल तसा एकेक फेरा उमटायचा, आणि मागच्या फेऱ्यावर पुढचा असा चढायचा की कौलं रचल्यासारखं दिसायचं. शेवटचा कोपरा तू मला दिलास. मी तो कसाबसा उरकला, हात धुतले आणि भाकरी खायला बसले. तू बाहेरून ओरडलीस, "कुणी मेलंय का गं घरात? नुसतं सारवून ठेवलंस ते!" मी घास टाकून पळत आले. तू शिरगोळ्याच्या दगडाची पांढरी रांगोळी भरलेली करवंटी माझ्या हातात दिलीस. कोपऱ्यात एक वाकडी रेघ घातली तेव्हा कुठं तुझा चेहरा निवळला. सारवलं की रेघ घालायची. मयताच्या दिवशी तेवढी घालायची नाही. त्या दिवसापासून हे माझ्या अंगात इतकं मुरलं आहे की आता फरशीच्या घरातही पुसून झाल्यावर हात आपोआप करवंटीकडं जातो.

हे आज तुला लिहायचं कारण तुझी नात. ती आता चित्रं काढते. पुण्यात शिकली, तिथंच एका शाळेत चित्रकला शिकवते. बाळंतपणाला माझ्याकडं आली आहे, आठवा लागलाय. तिच्या चित्रात माणूस नसतं, झाड नसतं, देव नसतो. माती असते, राख असते, तूस असतं, कारवीच्या काड्यांचे ठसे असतात. मढची तांबडी माती तिनं मामाकडून पोत्यानं मागवली. पोतं उतरताना जाऊबाई म्हणाल्या, "एवढं शिकवून पोरगी शेवटी शेणातच हात घालती व्हय? आमच्या गोठ्यात या म्हणावं, लई चित्रं पडल्यात, फुकट!" लेक हसली. म्हणाली, "काकी, खरंच येते. तुमच्या गोठ्याच्या भिंतीचा फोटो पाहिजे मला." जाऊबाई जरा वरमल्या, मग दुसऱ्या दिवशी स्वतःच गोवऱ्या हलवून भिंत मोकळी करून बसल्या.

चित्रांवरचं एक पुस्तक तिनं मला वाचायला दिलंय. चौथीनंतर मी किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत शिकले हे तुला माहीत आहे, तू भाकरी थापायचीस आणि म्हणायचीस, "वाच, काय लिवलंय त्यात." या पुस्तकातलं निम्मं मला कळलं. अशा चित्राला 'हे कशासारखं दिसतं' असं विचारायचं नसतं, एवढं कळलं. म्हणून मी विचारत नाही. पण या खेपेचं चित्र पाहिलं आणि मला विचारावं लागलं नाही.

दाराएवढी फळी आहे. शेण आणि तांबडी माती, डिंकात कालवलेली. त्यावर हाताचे फेरे, खालून वरपर्यंत, तुझ्यासारखेच, कौलावर कौल. उन्हात वाळून बारीक भेगा पडल्या आहेत, तूस मधूनच चमकतं. बास. राख नाही, ठसा नाही, पांढरं तर काहीच नाही. फळी पडवीत टेकवून ती म्हणाली, "झालं." मी वाट बघत राहिले, आता काहीतरी घालेल. चार दिवस झाले, घातलं नाही. पडवीला लागूनच तिची खोली आहे. सकाळी उठून ती पोट धरत त्या फळीपुढून जाते आणि मी हातातलं काम टाकून तिच्याकडं बघत राहते.

तुझ्यापासून काय लपवायचं? मागच्या वर्षी तिचं एक गेलं. पाचवा पुरा झाला होता. पुण्याच्या दवाखान्यातून ती रिकाम्या हातानं घरी आली. मी डबा घेऊन गेले, तर ती मला म्हणाली, "मम्मी, भात छान झालाय." कुणाला कळवलं नाही, कुणी भेटायला आलं नाही. तेव्हापासून मला सगळ्याची भीती वाटते. फोन वाजला तरी, नाही वाजला तरी. आणि आता भरल्या घरात हे बिनरेघेचं सारवण उभं.

आज दुपारी ती आडवी झाली होती. उद्या टेम्पो येणार, चित्र पुण्याला प्रदर्शनात जाणार. मी करवंटी घेतली आणि फळीपुढं उभी राहिले. खालच्या कोपऱ्यात एक रेघ, बोटभर. कुणाला दिसणारही नाही. चिमूट भरली, आणि मला आपलं अंगण दिसायला लागलं. आपलं म्हणजे इथलं, माझ्या सासरचं. हे गेले तेव्हा तू मढहून आलीस आणि कुणाशी न बोलता अंगण सारवलंस. नुसतं. दहा दिवस ते तसंच मोकळं होतं. दहाव्यानंतर पुन्हा सारवलं तेव्हा चुलतसासूबाई म्हणाल्या, रेघ आता हिनं घालू नये, थोरल्या सुनेनं घालावी. तू त्यांना विचारलंस, "घर कुणाचं?" तू करवंटी माझ्या हातात दिलीस. रेघ मीच घातली, तू माझा हात धरला नाहीस. नुसती बाजूला बसून राहिलीस.

"मम्मी, काय करतेस?"

लेक दारात उभी होती. माझी चिमूट तशीच.

"एवढी एक रेघ घालू दे गं मला."

"नको."

"तुला ठाऊक नाय, असं नुसतं सारवून ठेवत नाहीत. कधी ठेवतात ते—"

"ठाऊक आहे." ती हळूच पायरीवर टेकली. "पप्पा गेले तेव्हा आजीनं सारवलं होतं. मी खांबाला धरून बघत होते. दहा दिवस कुणी मला त्यावर खेळू दिलं नाही."

"मग? अशा दिवसांत हे कशाला काढायचं?"

"मम्मी, माझं बाळ गेलं त्याच्यासाठी कुणी अंगण सारवलं का?"

मी करवंटी खाली ठेवली. ती म्हणाली, "तिथं फ्लॅटमध्ये कुठलं अंगण! म्हणून फळीवर केलं. ते रेघेशिवायच बरोबर आहे."

मी चिमूट करवंटीत सोडली. तिच्या शेजारी बसले. तिनं माझा हात घेऊन पोटावर ठेवला. आत पाय हलत होता. आम्ही दोघी फळीकडं बघत बसलो. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं, तिचे फेरे तुझ्यासारखे नाहीत. प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी हात जरासा थांबलेला आहे.

हे कागद मी पेटीत तुझ्या लुगड्याखाली ठेवणार आहे, दुसरं कुठं धाडणार? लेकीला मी म्हणाले, आता मला भीती नाही. ते खरं नव्हतं. भीती आहेच, बाळ हातात येईपर्यंत राहील. तुला तेवढं सांगते.

काल रात्री कागद ठेवायचे राहिले, म्हणून पुढचंही लिहिते. आज सकाळी टेम्पो आला, चित्र होतं तसं गेलं. मग मी जाऊबाईंच्या गोठ्यातून शेण आणलं, उरलेली तांबडी माती कालवली आणि दारापुढं तुळशीजवळ सुपाएवढी जागा सारवली. लेकीला पाटावर बसवलं, करवंटी तिच्या हातात दिली, आणि बाजूला बसून राहिले.