टीव्हीवरल्या राजाचं नाव

आई,

त्या राजाची मालिका पुन्हा लागली आहे. तू बघायचीस ती नव्हे, नवी. नट नवा, घोडी धष्टपुष्ट, आणि तलवारींचा खणखणाट एवढा की शेजारचे दार वाजवतील. पण मला खटकतंय ते वेगळंच. यात जो तो राजाला सरळ नावानं हाक मारतो. मित्र, बायको, सासरा, अगदी तळावरचा स्वयंपाकीसुद्धा. तू असतीस तर पहिल्याच भागाला तोंडाला पदर लावून उठली असतीस. मी उठत नाही. दिवसभर वर्गात ओरडून घसा बसलेला असतो, पेपर तपासून डोळे चुरचुरत असतात, दुसरं काही लावायचाही कंटाळा येतो, म्हणून बघत बसतो. दर दोन मिनिटांनी टीव्हीतून माझं नाव येतं आणि दर वेळी माझी मान वर होते. चाळिशी उलटली तरी ही खोड गेली नाही. वर्गात हजेरी घेतानाही तेच व्हायचं. नवा नवा मास्तर झालो तेव्हा तुझ्या त्या मालिकेच्या वर्षांत जन्मलेली पोरं आठवीत येऊन बसली होती, आणि एकेका वर्गात त्या नावाची चार-चार. त्यांच्या आया त्यांना कशा बिनधास्त हाका मारत असतील, असं मनात यायचं, आणि मग मी पुढचं नाव वाचायचो.

आजोबा मी जन्मायच्या आधीच गेले, त्यामुळे मुलगा झाला म्हटल्यावर नाव ठरवायला कुणी बसलंच नाही. आत्यानं आजोबांचंच नाव माझ्या कानात सांगितलं. तू पाळण्याची दोरी धरून तिथंच होतीस, पण तुझ्या तोंडून ते निघणार नव्हतं. सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, मग सासरा वर का गेलेला असेना. म्हणून मी आबा झालो. अंगात झबलं आणि नाव आबा. नुसतं आबाही नाही, वर अहोजाहो. "आवं आबा, दूध पिऊन घ्या." "आबा, आधी नाक पुसा." अण्णाही स्वतःच्या वडिलांचं नाव म्हणून मला आबाच म्हणायचे. तुझी खरी पंचाईत व्हायची ती शिवी द्यायच्या वेळी. "मुडदा बशिवला..." इथपर्यंत ओठांवर आलेलं असायचं आणि मग मामंजी आठवायचे. ती अर्धी शिवी तू शेजारच्या पोराच्या नावानं पुरी करायचीस. त्याची आई भिंतीपलीकडून विचारायची, "आता आमच्यानं काय केलं वं?" आणि तू म्हणायचीस, "काय न्हाई, सवयीनं आलं तोंडात."

मालिका लागली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. तोवर माझ्या नावाला पोरं म्हाताऱ्याचं नाव म्हणून चिडवायची. एका रविवारात ते राजाचं नाव झालं आणि माझा भाव वधारला. इस्लामपूरजवळच्या साखर कारखान्यात अण्णांची नोकरी, आणि कारखान्याच्या चाळीत टीव्ही एकट्या फिटरकाकांकडे. रविवारी तू लवकरच भाकरी थापून, चुलीवर पाणी शिंपडून मोकळी व्हायचीस आणि त्यांच्याकडे सगळ्यांत पुढं जाऊन बसायचीस. बाकीच्या बायकांना कोण कुणाचा सरदार ते कळायचं नाही. सगळ्यांच्या मिशा सारख्याच. तुला कळायचं, कारण तू मिशा बघतच नव्हतीस, कोण कुणाला काय म्हणतं तेवढं ऐकत होतीस. "नाव घेणारी एक आई, न्हाईतर मग वैरी," तू सांगायचीस. "मधल्यांनी राजंच म्हणायचं." एका भागात राजाचा एक जिवलग सरदार त्याच्या माघारी बोलताना राजाचं नुसतं नाव घेऊन गेला. तू लगेच म्हणालीस, "ह्यो फुटणार." फिटरकाका हसले. "वहिनी, आवं त्यो तर राजाचा उजवा हात हाय." पुढं काही रविवार गेले आणि उजवा हात शत्रूच्या तंबूत पान खाताना दिसला. त्या दिवसापासून चाळीत तुझा दरारा वाढला. ज्यांचा भाग बुडायचा त्या बायका सोमवारी नळावर तुझ्याभोवती जमायच्या, आणि तू अख्खी लढाई त्या नावाला एकदाही शिवल्याशिवाय सांगायचीस.

मला मात्र त्या मालिकेतल्या आईचं वेड लागलं होतं. राजाची आई सज्जात उभी राहायची आणि त्याला हाक मारायची, पूर्ण नावानं, पोटातून. एका दुपारी मी तुला विचारलंच, "ती घेती, मग तू का न्हाई घेत?" तू पाट्यावर चटणी वाटत होतीस. म्हणालीस, "तिचा ल्योक हाय त्यो." "आन् मी कुणाचा?" तुझा वरवंटा थांबला. "तुमी माजंच. पर नाव मामंजींचं हाय न्हवं?" म्हणजे मी तुझा आणि नाव दुसऱ्याचं. मला ते काही पटेना. यापुढं आबा म्हटलं तर ओ द्यायची नाही, असं मी ठरवलं आणि कोपऱ्यात जाऊन बसलो. तू पुढ्यात ताट आणून ठेवलंस. हाक मारली नाहीस, रागावलीही नाहीस. माझ्या समोर बसलीस आणि ताटाकडे बघत म्हणालीस, "भाकर निवली. आता जेवायचं कुणी, त्या राजानं?" मला हसू फुटलं आणि माझं बंड तिथंच मोडलं. पण हट्ट गेला नाही. एकदा, फक्त एकदा तुझ्या तोंडून ते ऐकायचं, हे माझ्या मनात बसलं ते बसलंच.

त्याच सुमारास मी साताऱ्याच्या स्टँडवर हरवलो. आपण लोणंदहून आत्याकडून परत येत होतो, साताऱ्याला गाडी बदलायची होती. लाकडी तलवारी विकणारा दिसला आणि मी तुझा हात सोडला. पुढचं कंट्रोलरच्या खिडकीपाशी घडलं ते तूच मला नंतर कितीदा सांगितलंस. तो विचारतोय, "बाई, पोराचं नाव सांगा." तू म्हणतेस, "आबा म्हंतो आमी." "आवं, शाळेतलं नाव." "ते मामंजींचं हाय सायेब, कसं घेऊ?" "मग मी माईकवर काय ओरडू?" तू रडकुंडीला आलेली, आणि तेवढ्यात तुला सुचतं. "टीव्हीवरल्या राजाचं नाव हाय बगा. रविवारच्या." त्या माणसाला एका क्षणात कळलं. त्यानं माईकवर माझं नाव पुकारलं, एकदा, दोनदा. मी ते ऐकलं. मला वाटलं, सातारच्या स्टँडवर मालिकेची जाहिरात चालली आहे. मी तलवारी बघत राहिलो. मग भोंग्यातून तुझाच आवाज आला, "आवं आबा, हिकडं या! म्या हितं हाय!" स्टँडवरचे दोन-तीन फेटेवाले म्हातारे उठले आणि काठ्या टेकत माझ्याआधी खिडकीपाशी पोचले. त्यांच्यादेखत तू मला दोन धपाटे घातलेस आणि लगेच मामंजींची माफी म्हणून स्वतःच्या दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्यास. त्यातला एक म्हातारा मला म्हणाला, "लय ताप देतासा आबा तुमी." अण्णा ही गोष्ट पाहुण्यांना वर्षानुवर्षं सांगायचे आणि दर वेळी तू आत जाऊन उभी राहायचीस.

मग सांगली. मी अकरावीला सांगलीत खोली घेऊन राहत होतो आणि तुला तिथल्याच दवाखान्यात आणलं. डोक्यात गाठ होती. अण्णांना रजा मिळायची नाही, हंगाम चालू होता, म्हणून तुझ्या उशाशी मी. डॉक्टर तरुण होता, पुण्याकडचा, बोलायला मऊ. रोज सकाळी येऊन तुझं भान तपासायचा. "मावशी, कुठं आहात तुम्ही?" "सांगलीला, दवाखान्यात." "वार कोणता?" तेही तू बरोबर सांगायचीस. "हा कोण?" "ल्योक माजा." "याचं नाव काय?" तू पदर सावरलास. त्यानं पुन्हा विचारलं. तुला त्याची दया आली असावी. तू म्हणालीस, "टीव्हीवरल्या राजाचं." त्यानं काहीतरी लिहून घेतलं आणि मला व्हरांड्यात नेऊन हळू आवाजात सांगितलं की आईला विस्मरण सुरू झालंय, मुलाचं नाव आठवत नाही, टीव्हीचं काहीतरी बोलतात. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. भला माणूस, तो हसला, पण त्याचं पुरतं समाधान झालं नाही. मी आत येऊन तुझ्या विनवण्या केल्या. "आई, घे की एकदा. त्यांना वाटतंय तुला भ्रम झालाय. इथं कोण ऐकतंय?" तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "त्यास्नीच घ्या म्हणावं. म्या व्हय म्हंते."

आणि तसंच सुरू झालं. तो रोज माझं नाव घ्यायचा आणि तू डोक्याच्या ऑपरेशनच्या पट्टीवरून पदर पुढं ओढून, मामंजी दारात उभे असल्यासारखी, "व्हय" म्हणायचीस. आख्खा वॉर्ड त्याची वाट बघायचा. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणायची, "लगीनच लावत्यात जनू." तू पण हसायचीस. मला ते दिवस सुखाचे म्हणून आठवतात, हे कुणाला सांगितलं तर पटणार नाही. तू होतीस, पुरती होतीस, तुझ्या सगळ्या हट्टांसकट. तुझ्या त्या न बोलण्यावरून मला रोज सकाळी कळायचं की आजही तू तूच आहेस. दुपारी तुझा डोळा लागला की मी पुस्तक उघडून बसायचो आणि त्यातली एक ओळ डोक्यात शिरायची नाही.

एक दिवस डॉक्टरनं काही विचारायच्या आधीच तू माझ्याकडे बघून माझं नाव घेतलंस. स्वच्छ, पूर्ण, कुठंही न अडखळता. पदर खांद्यावर पडला होता, तुझा हात तिकडं गेला नाही. "कवा आलास रं?" असं विचारलंस. आलास. रं. मी तर रात्रभर तिथंच होतो. डॉक्टरला इतका आनंद झाला की त्यानं नर्सला बोलावून सांगितलं, "बघा, आज मुलाचं नाव सांगितलं यांनी. छान, फार छान." मी "ओ" म्हणालो. तू परत नाव घेतलंस आणि मी परत "ओ" म्हणालो. मग मी खाली गेलो, रस्ता ओलांडून एसटीडी बूथमध्ये शिरलो आणि कारखान्यात फोन लावला. अण्णांनी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?" मी म्हणालो, "सुधारणा आहे म्हणाले." "मग?" "तुम्ही या. आत्ता निघा," एवढंच म्हणालो. ते दुपारच्या गाडीनं आले तेव्हा तू कुणालाच ओळखत नव्हतीस, आणि तो आठवडा सरायच्या आत गेलीस.

आपल्याकडची माणसं अजून तुझं कौतुक करतात. शेवटपर्यंत सासऱ्याचं नाव ओठांवर येऊ दिलं नाही, असं आत्या सांगते, आणि मी मान डोलावतो. अण्णांनाही खरं सांगितलं नाही, तेही गेले. हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, धाडायचं तर कुठंच नाही. तुला मात्र सांगून टाकतो. तू नाव घेतलंस त्या क्षणी मला कळलं होतं, आई, की तू गेलीस. आणि तरी आधी मला आनंद झाला.