आक्काचे पाय सुजले तेव्हा

आई,

मंगळवारी आक्काला जुन्नरच्या दवाखान्यात नेलं होतं. पाय सुजलेत, चार पावलं टाकली की दम लागतो. डॉक्टरीणबाईंनी हृदयाची सोनोग्राफी केली आणि पडदा माझ्याकडं वळवला. हृदयाची उजवी बाजू फुगून डावीला दाबत होती. "मूळ दुखणं फुप्फुसांचं," त्या म्हणाल्या. "खराब फुप्फुसांत रक्त ढकलून ढकलून उजवी बाजू थकलीय. मग पाणी पायांत उतरतं. विडी ओढतात का?"

आक्का हसली. "नाय ओ बाई. आमी शाळंत खिचडी रांधायचो. आदी आई, मग मी. लाकडावर."

डिंगोऱ्याच्या शाळेमागची ती पत्र्याची खोली समोर आली. ओली लाकडं पेटत नाहीयेत, तू फुंकतेस, खोकतेस, परत फुंकतेस. संध्याकाळी तुझे पाय चपलेत मावत नाहीत. उभं राहून सुजतात, असं आपण सगळेच म्हणायचो.

आणि लेण्याद्री. मला नोकरी लागली म्हणून गेलो होतो. तुझं काम तेव्हा आक्कानं घेतलं होतं. तू दर आठ-दहा पायऱ्यांना बसत होतीस. "लई दम लागतो रं, तू व्हय पुढं." मी चारचौघांत म्हणालो, "काम सोडल्यापासून नुसती बसून असतेस, म्हणून असं होतं. चाल." तू उठलीस, वरपर्यंत आलीस. तुझे ओठ निळे पडले होते. मी ते पाहिलं आणि मला वाटलं, गार वारा आहे. त्यानंतर तू जेमतेम तीन महिने राहिलीस.

आक्काच्या घरी आता ऑक्सिजनचं मशीन आहे, लघवीवाटे पाणी काढायच्या गोळ्या आहेत, चूल बंद आहे. सूज उतरतेय. काल नाकातली नळी सारखी करत तिनं विचारलं, "आईलाबी ह्येच व्हतं का रं?"

"नाय," मी म्हणालो. "आईचं वय झालं व्हतं."

"बरं," ती म्हणाली. तू गेलीस तेव्हा आताच्या आक्काहून चार वर्षांनी लहान होतीस. ते तिला चांगलं ठाऊक आहे.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, घरातही ठेवायचा नाही; आक्काला वाचता येतं. आणि आई, ते खोटं मी तिच्यासाठी बोललो नाही.