विकल्प अर्जाबाबत माझी भूमिका

१ जुलै, मंगळवार. दुपारी ४.१५
मानधनवाढीचा शासन निर्णय आज आला. एकोणीस पानं. आरोग्य केंद्राच्या प्रिंटरवर काढला. (सरकारी कागद वापरले. उद्या घरून एकोणीस कोरे कागद नेऊन ठेवणे.)

वनमाला सिस्टर आमच्या संघटनेच्या तालुका अध्यक्ष. म्हणाल्या, तू शिकलेली आहेस, आपल्या केंद्रातल्या बायांना तूच नीट समजावून सांग. तेवीस सभासद. त्यात मी डाटा एन्ट्री ऑपरेटर, बाकी बहुतेक उपकेंद्रांत झाडलोट करणाऱ्या आणि लसीचे डबे वाहणाऱ्या परिचर. आमची आई त्यातलीच, एकोणीस वर्षं झाली. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. ही जबाबदारी माझ्याकडे येणार हे ठरलेलंच होतं.

संकल्प: प्रत्येक सभासदाला प्रत्येक शब्द कळला पाहिजे.

२ जुलै, बुधवार. संध्या. ६.३०
सहा पानं वाचून झाली. प्रकरण असं. प्रत्येकीला नंबर टाकलेला एक विकल्प अर्ज मिळेल. 'नवीन दर' या चौकोनात खूण करायची, सही करायची, अर्ज ३१ जुलै, पाच वाजेपर्यंत जिल्हा कार्यालयात पोचवायचा. नाही पोचला तर जुनाच दर चालू. दर ठीकच वाढतोय. आईचा तर जवळपास दुप्पट.

इतकं सरळ कसं असेल? सरकार आमच्याशी इतकं सरळ आजपर्यंत बोललेलं नाही.

आईने भाकरी करता करता विचारलं, वाढणार का? म्हणाली, वाढलं तर मांजरसुंब्याच्या ढाब्यावरची भांडी सोडून देते, आता गुडघ्यांना सोसत नाही. मी म्हटलं, घाई करू नको, मी अजून अकराव्या परिच्छेदापर्यंत आलेली नाही.

३ जुलै, गुरुवार
अकरावा परिच्छेद. सापडलं. 'नवीन दर स्वीकारल्याने कायम नियुक्तीचा हक्क आपोआप निर्माण होणार नाही.' पिवळ्या मार्करने रंगवलं. म्हणजे आज सही घ्यायची आणि उद्या म्हणायचं, बाई, तुम्हीच लिहून दिलंय.

वाढ हे आमिष आहे. मला वाटलंच होतं.

४ जुलै, शुक्रवार. दुपारी १.००
वनमाला सिस्टरना अकरावा परिच्छेद दाखवला. त्या लसीकरणाच्या यादीवर खुणा करत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "कायमचा हक्क आत्ता तरी कुठं हाय आपल्या बायांना? जे हातात न्हाईच, ते सोडायला काय जातंय?"

मुद्दा बिनतोड वाटला. म्हणून जास्तच शंका आली. शिवाय:
(१) त्या स्वतः कायम नोकरीत आहेत. त्यांना अर्जच नाही. मग आमच्या सह्यांची घाई त्यांना का?
(२) गेल्या आठवड्यात त्या दोनदा बीडला गेल्या होत्या. विचारल्यावर चष्म्याचं कारण सांगितलं. चष्मा खरंच नवीन आहे. पण दोनदा?

नोंद करून ठेवली.

८ जुलै, मंगळवार. संध्या. ५.४०
आजची मीटिंग ऐतिहासिक झाली.

अर्जांचं वाटप झालं आणि लगेच मी बोलायला उभी राहिले. पन्नास मिनिटं. मानधन आणि वेतन यांतला फरक, कंत्राटी धोरणाचा इतिहास, अकरावा परिच्छेद. एकीनेही जांभई दिली नाही. सगळ्याजणी खाली मान घालून लिहीत होत्या, एकमेकींकडे पेन मागत होत्या, शेजारणीला काही अडलं तर दाखवत होत्या. मी नोट्स काढायला सांगितलं नव्हतं, तरी. समोरचा वर्ग जागा झाल्याचं समाधान काय असतं ते आज कळलं.

शेवटी सांगितलं की पूर्ण विचार झाल्याशिवाय एकही कागद वर जाणार नाही. कुणाच्या दबावाखाली येऊ नका. सगळ्यांनी आपले अर्ज माझ्या ताब्यात द्या.

बावीसच्या बावीसजणींनी रांगेत येऊन घडी घातलेले अर्ज दिले. एकीनेही प्रश्न विचारला नाही. आई सगळ्यात पुढे. मी एकही घडी उघडली नाही. विश्वास टाकला की टाकला. पाकिटात घालून टेप लावला, कपाटात ठेवून कुलूप लावलं. तेविसावा माझा, तो पर्समध्ये.

शंभर टक्के बहिष्कार. महाराष्ट्रात कुठे झाला असेल असं वाटत नाही.

११ जुलै, शुक्रवार. सकाळी ११.२०
जिल्हा कार्यालयातून सोमेश्वर नावाच्या लिपिकाचा फोन. तुमच्या केंद्राचे विकल्प कधी पाठवता, ताई? त्याला माझा नंबर कुणी दिला? मी म्हटलं, सभासदांची सामूहिक भूमिका ठरलेली आहे. तो म्हणाला, बरं, पण एकतीसच्या आत बघा. ही सरळ धमकी आहे. वर विचारलं, पाऊस कसा आहे तुमच्याकडं? माहिती काढत असणार. मोघम उत्तर दिलं.

१५ जुलै, मंगळवार
चंद्रभागाबाई (वरच्या वस्तीच्या उपकेंद्राच्या परिचर, वय साठला आलेलं) खास माझ्या टेबलापाशी आल्या. कागद नीट हाय ना, पोरी? मी म्हटलं, कुलपात आहे, मावशी. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाल्या, आता घोर मिटला.

अशी माणसं पाठीशी असल्यावर कोणती ताकद आपल्याला हलवणार.

थोड्या वेळाने वनमाला सिस्टर दारातून डोकावून म्हणाल्या, तेजश्री, विकल्पाचं काम व्यवस्थित चाललंय ना? मी म्हटलं, अगदी व्यवस्थित. खोटं बोलले नाही. डावपेच वेगळे, खोटं वेगळं.

१८ जुलै, शुक्रवार
'मानधनवाढ: वस्तुस्थिती आणि धोके' हे माझं समजावणी पत्रक पूर्ण. चौदा पानं. मूळ निर्णयापेक्षा पाच पानं कमी, म्हणजे सोपं झालं. नेकनूरला स्वखर्चाने बावीस झेरॉक्स काढल्या.

घरी आईने पत्रक उलटसुलट करून बघितलं आणि कागद चांगला जाड आहे म्हणाली. मी विचारलं, मजकूर कसा वाटला? म्हणाली, बारीक हाय.

पुढच्या वेळी मोठा टाइप.

२२ जुलै, मंगळवार. संध्या. ६.००
शासन निर्णयाची होळी. वेळ ४.००, स्थळ केंद्राचं फाटक. प्रत्येकीने आपापली प्रत आणून जाळावी, असं ग्रुपवर आठ दिवस आधी टाकलं होतं.

उपस्थिती: चार. एकीचं बाळ आजारी, काहींचा सर्व्हे, बाकीच्यांची गाडी जाणार होती. चौघींपैकी प्रत कुणीही आणलेली नव्हती. एक म्हणाली, तुमी दिलेलं चौदा पानी आणलंय, हे जाळायचं का? मी ते परत घेतलं.

माझी मार्कर मारलेली प्रत जाळणं शक्य नव्हतं, त्यात तीन आठवड्यांचा अभ्यास आहे. काहीतरी जाळायलाच हवं होतं. मग पर्समधून स्वतःचा विकल्प अर्ज काढला, क्र. ०४१७. भुरभुर चालू होती. सहा काड्या विझल्या. आईने छत्री धरली तेव्हा सातवी पेटली. फोटोत माझ्यापेक्षा छत्रीच मोठी आली आहे.

घरी येताना आईने विचारलं, ते काय जाळलं गं? मी म्हटलं, अन्यायाचं प्रतीक. ती म्हणाली, परत लागायचं न्हाई ना ते? मी म्हटलं, कधीच नाही.

आज खूप मोकळं वाटतंय.

२५ जुलै, शुक्रवार
फोटो आणि बातमी बीडच्या दोन पेपरांना पाठवून तीन दिवस झाले. छापलं नाही. एकाने उत्तर दिलं, छत्रीमागं कोण आहे? पत्रकारांवर किती दबाव आहे हे यावरून समजतं.

२९ जुलै, मंगळवार. दुपारी ३.००
दुसऱ्या तालुक्यांतल्या सगळ्या सभासदांनी सह्या करून दिल्याचं कळलं. वाईट वाटलं. राग नाही. त्यांना समजावून सांगणारं कुणी नव्हतं.

आईने काल ढाबेवाल्याला सांगितलं म्हणे, एक तारखेपासून येणार नाही. मी तिला म्हटलं, लढ्याला वेळ लागतो, एवढ्यात काम सोडू नको. तर ती म्हणाली, आता कसला लढा? सगळं झालंच की.

तिचा विजयावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे. गहिवरून आलं.

३१ जुलै, गुरुवार. सकाळी १०.४०
बहिष्काराचा पुरावा म्हणून बावीस कोऱ्या अर्जांचा फोटो काढावा, या हेतूने पाकीट उघडलं.

कोरे नाहीत.

बावीसही भरलेले. 'नवीन दर' चौकोनात बावीस खुणा. वीस सह्या, दोन अंगठे. तारीख प्रत्येकावर ८ जुलै. आईची सही सगळ्यात खालच्या अर्जावर, 'बायनाबाई' मधला शेवटचा 'ई' चौकटीबाहेर गेलेला.

परत मोजले. बावीस.

१०.५५
आईला उपकेंद्रात फोन केला. सही का केलीस? म्हणाली, कागद भरायचा होता, भरला. पण मी पन्नास मिनिटं काय सांगत होते? म्हणाली, "तू बोलत व्हतीस तवा आमी भरत व्हतो. दर मंगळवारी काय बी असलं तर भरून तुझ्याकडंच देतो की. तू वर पाठवतीस. पाठवलं न्हाईस?"

लाइन खराब असल्याचं सांगून फोन ठेवला.

११.३०
शांतपणे परिस्थितीचा आढावा घेतला. दोन मार्ग आहेत. एक, तत्त्वावर ठाम राहणे. दोन, पाच वाजायच्या आत बीड. आईने ढाबा सोडलाय. चंद्रभागाबाईंचा घोर मिटलाय.

सभासदांच्या लोकशाही इच्छेचा आदर करणे हेही तत्त्वच आहे. असं माझ्या पत्रकात पान नऊवर आहे.

दुपारी १२.५०
जीप भरल्याशिवाय सुटत नाही. तीन सीट कमी. तिन्ही सीटचे पैसे मी दिले.

२.१०. नेकनूर
गाडी आत्ताच गेली म्हणे. पुढची येईल. कधी ते कुणी सांगत नाही. कंट्रोलर माझ्या पाकिटाकडे सारखा बघतोय.

४.३५. जिल्हा कार्यालय
पोचले. सोमेश्वर लिपिक म्हणजे जाड चष्म्याचा सज्जन माणूस निघाला. आधी पाणी दिलं, मग एकेक अर्ज तपासून शिक्का मारला. बावीस पोच पावत्या. पाचला दहा कमी.

मग यादीवर बोट ठेवून म्हणाला, "तेवीस पाहिजेत. शून्य चार सतरा राहिलाय."

मी सांगितलं, तो जाळण्यात आला आहे. त्याने पेन खाली ठेवलं. चुकून का? मी म्हटलं, नाही, जाहीरपणे. दुसरा कोरा मिळेल का असंही विचारून बघितलं, केवळ प्रशासकीय माहितीसाठी. नंबरचे अर्ज आहेत, दुसरा निघत नाही म्हणाला. नंतर बराच वेळ तो माझ्याकडे अशा नजरेनं बघत होता की मला त्याचा पहिल्यांदाच संशय आला नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार
समाधानाची बाब: माझ्या प्रयत्नांमुळे बावीस सभासदांना नवीन दर लागू झाला. तेविसावी सभासद जुन्या दरावर राहून लढा जिवंत ठेवील. कुणीतरी ठेवायलाच हवा.

आईला सांगितलं. ती चुलीपुढे बसून माझं वय मोजल्यासारखं बघत राहिली. मग चप्पल घालून वनमाला सिस्टरकडे गेली.

४ ऑगस्ट, सोमवार. दुपारी २.००
वनमाला सिस्टरनी बोलावलं. रागावतील म्हणून उत्तरं तयार ठेवली होती, सात मुद्दे. त्या रागावल्याच नाहीत. माझीच मार्कर मारलेली प्रत मागून घेतली आणि एकोणिसावं पान काढलं. त्या पानावर एकही पिवळी रेघ नाही. त्याला परिशिष्ट म्हणतात, तिथे नमुने असतात, ते कोण वाचतं?

नमुना 'ड'. मुदतीनंतर पंधरा दिवस विकल्प देता येतो. कारण एकच ग्राह्य. छापलेलंच आहे: 'मला शासन निर्णयाचा आशय समजला नाही.'

मी म्हटलं, हे मी लिहून देऊ शकत नाही. मी चौदा पानं लिहिली आहेत. वनमाला सिस्टर म्हणाल्या, "ती बी वाचलीत मी. सही कर."

विचार करायला एक दिवस मागितला.

५ ऑगस्ट, मंगळवार. दुपारी १२.३०
मीटिंग संपल्यावर नमुना 'ड' वर सही केली. सगळ्याजणी बसलेल्याच होत्या.

खाली अजून एक चौकट निघाली. ज्या सभासदाचा विकल्प मंजूर झालाय तिने अर्जदाराला आशय समजावून सांगितल्याचा दाखला. वनमाला सिस्टरनी पेन आईच्या हातात दिलं. मी म्हटलं, नुसती सही कर. आई म्हणाली, न सांगता कशी करू, खोटं हुईल.

मग तिने पदर सारखा केला, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "सई केली तर वाढतंय. न्हाई केली तर न्हाई वाढत. समजलं का?"

वहीत नोंद: समजावणीला लागलेला वेळ अर्धं मिनिट.

मी म्हटलं, समजलं.