हेलिकॉप्टर कोणाकडे होतं?

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. प्लास्टर डाव्या मनगटाला आहे, त्यामुळे सबब नाही.
शुक्रवारी अपघात झाला. इंजिन बंद पडलंय असं समजून हेलिकॉप्टर उतरवायचं, हा सराव. बावीस वर्षं शिकवतोय. शेवटच्या पन्नास फुटांवर अपेक्षाने, माझ्या विद्यार्थिनीने, कंट्रोल सोडला. आपटलो, आडवे झालो. तिचा मणका मोडला, माझं मनगट. हॉस्पिटलात सगळे तिच्याच खोलीत. मनगटातही हाडच असतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार
चौकशी समितीला जबाब दिला. मी तिला ‘चालू ठेव’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणालो होतो, ती घाबरली. तिने लिहिलंय, सरांनी कंट्रोल घेतला असं वाटलं. वाटलं! हवेत वाटून चालत नाही.
शैलाला वाचून दाखवलं. तिने एवढंच विचारलं, की अपेक्षाने सोडलं, तुम्ही धरलं नव्हतं, मग हेलिकॉप्टर कोणाकडे होतं? नारायण पेठेतली बायको केली की हे ऐकावं लागतं.

११ फेब्रुवारी
सकाळी ७.१० ला दूध उतू गेलं. शैलाने आंघोळीला जाताना विचारलं होतं, गॅस बंद करू का? पेपरातून डोकं न काढता म्हटलं, राहू दे. म्हणजे चालू राहू दे, तू बघ. तिचं म्हणणं, राहू दे म्हणजे तू जा, मी बघतो. तीस वर्षं संसार करून साधं मराठी कळत नाही. ओटा तिनेच पुसला. माझा हात प्लास्टरमध्ये.
दुपारी पुन्हा समिती. आज जास्त स्पष्ट आठवलं. मी नियमाप्रमाणे इंग्रजीतच म्हणालो होतो, यू हॅव कंट्रोल, म्हणजे आता तू सांभाळ. तसं लिहून दिलं.

१७ फेब्रुवारी
शनिवार पेठेत ज्येष्ठ नागरिकांपुढे माझं व्याख्यान : ‘संकटात मन शांत कसं ठेवावं’. अकरा माणसं. यू हॅव कंट्रोल मी दोनदा म्हणालो होतो, हे बोलताना आठवलं. दुसऱ्यांदा मोठ्याने. एका आजोबांनी शैलाचाच प्रश्न विचारला. चहा थंड होतोय म्हणून आटोपतं घेतलं.

२१ फेब्रुवारी
समिती माझ्या बाजूने आहे म्हणतात. अपेक्षाच्या फाइलवर ‘घाबरून कंट्रोल सोडला’ असा शेरा पडणार. मग तिला कुठेच उडू देणार नाहीत. फार वाईट वाटलं. जेवताना दोन पुऱ्या कमी खाल्ल्या.

२५ फेब्रुवारी
अपेक्षाने क्लिप पाठवली. हेडसेटला वायर जोडून छोटा कॅमेरा लावला होता म्हणे. सक्त मनाई आहे! समितीला दाखवली तर तिचंच नाव कापतील, म्हणून फक्त मला. खाली लिहिलंय, सर, एकदा ऐका.
ऐकलं. ती विचारते, सर, वेग जास्त वाटतोय, काय करू? मी म्हणतो, राहू दे. ती म्हणते, यू हॅव कंट्रोल, सर. नियमाप्रमाणे. ‘घेतला’ असं उलट सांगायचं असतं, ते मी सांगत नाही. तीन सेकंदांनी आपटल्याचा आवाज.
ओट्यावरचं दूध आठवलं. स्वतःची किळस आली.

१ मार्च
समितीला पत्र लिहिलं. एकच पान. चूक माझी, तिची नाही. शैलाने वाचलं, चहा टाकला. मंगळवारी पत्र आधी अपेक्षाच्या हातात द्यायचं. हा संकल्प मोडायचा नाही. एकदम मोठा माणूस झाल्यासारखं वाटतंय.

४ मार्च, मंगळवार
विश्रांतवाडीला जाऊन आलो. अपेक्षा कमरेला पट्टा बांधून पलंगावर. तिच्या आईने पाणी आणून दिलं. वीस मिनिटं माझं मनगट आणि आळंदी रोडचा ट्रॅफिक यावर बोललो. शेवटी पत्र काढलं, चूक माझी असं समितीला लिहिलंय म्हटलं, आणि विचारलं, हे तुझ्याकडे ठेवू का?
ती म्हणाली, राहू द्या, सर.
राहू द्या म्हणजे नको, हे कोणीही सांगेल. मुलगी मनाने मोठी आहे. पत्र खिशात घालून निघालो. तिने हात पुढे केला होता, पण तो बहुतेक पाण्याच्या भांड्यासाठी असेल.