श्री. जाते यांच्या ना-हरकत पत्राबाबत

प्रति,
मा. जिल्हा ग्रंथालय अधिकारी,
ठाणे.

अर्जदार : सौ. दर्शना सुदेश भोईर, वय ५१, अंगणवाडी सेविका, रा. कोपरी, ठाणे (पूर्व).

विषय : 'खाडीकाठचं दळण' या पुस्तकाची उरलेली एकुलती प्रत दि. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी रद्दीत जाण्यापूर्वी तिची नक्कल करू देण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा अर्ज, दि. ८ ऑक्टोबर २०२५.
२) अक्षरबाग सार्वजनिक वाचनालय, विठ्ठलवाडी यांची पत्रे, जा. क्र. ४१ (दि. १५ ऑक्टोबर) व जा. क्र. ४६ (दि. ३० ऑक्टोबर).

महोदय,

१. अर्जदारांच्या सासूबाई श्रीमती रंभाबाई बाळकृष्ण भोईर यांचे वय आज चौऱ्याऐंशी आहे. कोपरीच्या खाडीला मिठागरे होती तेव्हा त्या दिवसभर मीठ ओढत आणि पहाटे जात्यावर बसत. सन १९७९ मध्ये विठ्ठलवाडीचे एक शिक्षक, कै. श्रीपाद वझरकर, टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्या ओटीवर आले. अकरा दिवस बसले. रंभाबाईंच्या तोंडच्या एकसष्ट ओव्या त्यांनी उतरवून घेतल्या आणि त्यांचे पुस्तक छापले. पुस्तकात रंभाबाईंचे नाव नाही. 'कोपरी येथील एक कष्टकरी स्त्री' एवढाच उल्लेख आहे. रंभाबाईंची त्याबद्दल तक्रार नाही. "कष्टकरी लिवलंय ना, मग मीच ती," असे त्या म्हणतात.

२. काचबिंदूने रंभाबाईंची दृष्टी सहा वर्षांपूर्वी गेली. गेल्या श्रावणापासून ओव्याही जाऊ लागल्या आहेत. त्या जात्याशी बसतात, मूठभर तांदूळ हातात घेतात, पहिला चरण म्हणतात आणि दुसऱ्या चरणाशी हात हवेतच राहतो. "पुढं कं गो दर्शना?" असे विचारतात. अर्जदार सून म्हणून या घरात आल्या तेव्हा नाक्यावर पिठाची गिरणी सुरू झालेली होती. त्यामुळे सासूजवळ बसून एकही ओवी शिकल्या नाहीत. हा दोष अर्जदार स्वतःकडे घेतात. तो वाचनालयाचा नाही.

३. घरातली पुस्तकाची प्रत २००५ च्या पुरात गेली. छापखाना बंद झाला. श्री. वझरकर १९९१ साली वारले. मागे कोणी नाही. पुस्तक कुठेही विकत मिळत नाही. ज्ञात असलेली एकच प्रत वर नमूद वाचनालयात, कपाट क्रमांक सातमध्ये आहे, कारण श्री. वझरकरांनी ती स्वहस्ते तिथे दिली होती. म्हणून दि. ८ ऑक्टोबर रोजी अर्जदार सासूबाईंना रिक्षाने घेऊन विठ्ठलवाडीला गेल्या आणि पुस्तकाची झेरॉक्स मागितली.

४. ग्रंथपाल श्री. तानाजी वाळंज यांनी नकार दिला. त्यांच्याबद्दल अर्जदारांच्या मनात आकस नाही. त्यांनी रंभाबाईंना पंख्याखालची खुर्ची दिली, चहा दिला. परंतु दोन वर्षांपूर्वी त्या वाचनालयातून कोणी परीक्षेचे गाइड आख्खे झेरॉक्स करून नेले होते आणि प्रकाशकाच्या वकिलाची नोटीस आली होती. तेव्हापासून त्यांचा जीव घाबरा आहे. ते म्हणाले, "बाई, पुस्तक वाळवीनं खाल्लं तर मला कुणी विचारणार नाही. झेरॉक्स निघाली तर पहिला मी." त्यांनी 'सर्व हक्क सुरक्षित' ही ओळ बोटाने दाखवली आणि एक छापील नमुना भरायला घेतला. 'रचनाकार / हक्कधारकाचे नाव' या रकान्याशी येऊन त्यांनी रंभाबाईंना विचारले, "आजी, या ओव्या कुणी रचल्या?"

रंभाबाई खरे तेच बोलल्या. "मी कं रचनार बाबा? जातंच रचतं. मी नुसती मागं मागं बोलते."

श्री. वाळंज यांनी रकान्यात लिहिले : जाते.

५. यापुढे जे घडले ते अर्जदार कागदोपत्री जसे आहे तसे मांडत आहेत. जा. क्र. ४१ च्या पत्रात वाचनालयाने कळविले की, "सदर रचनांचे हक्कधारक श्री. जाते हयात असल्यास त्यांचे ना-हरकत पत्र गोल शिक्क्यासह सादर करावे. मयत असल्यास मृत्यूचा दाखला व वारस दाखला जोडावा." पत्र वाचून अर्जदार हसल्या, ही त्यांची पहिली चूक. दुसरी चूक अशी की त्यांनी घाईत उत्तर लिहिले : "जाते आमच्या घरीच आहे, कोपरीला. चाळीस वर्षांत जागचे हललेले नाही." त्यावर जा. क्र. ४६ आले : "श्री. जाते अंथरुणास खिळून असल्याचे समजले. तरी सहीऐवजी अंगठा चालेल, मात्र दोन साक्षीदार आवश्यक." अर्जदारांनी समक्ष जाऊन जाते म्हणजे दळायचे जाते, दगडाचे, असे सांगितले. श्री. वाळंज म्हणाले, "आता नोंद झाली, बाई. आवक-जावकला श्री. चढलेला आहे. कमिटीच्या बैठकीशिवाय तो उतरत नाही." बैठक डिसेंबरात आहे.

६. दरम्यान, नकार मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून अर्जदारांनी दुसरी वाट धरली होती. अंगणवाडी सुटली की त्या विठ्ठलवाडीला जात, वाचनकक्षात पुस्तक मागून घेत, एखाद-दुसरी ओवी पाठ करत आणि ओठ न हलवता घरी आणत. वाटेत कोणाशी बोलत नसत. ओळखीचे कोणी भेटले तर मान हलवीत. उंबऱ्यात पाऊल टाकताच चपला न काढता सासूला ओवी ऐकवीत. रंभाबाई ती एकदा ऐकून पुन्हा स्वतः म्हणत, आणि मग ती परत त्यांची होई. दिवाळीचे दिवस वगळता हे चालू होते. अशा तेवीस ओव्या घरी आल्या. त्यातल्या नऊ सासूच्या जाचाच्या आहेत. त्या सुनेने सासूला म्हणून दाखवल्या, आणि सासू म्हणाली, "बरोब्बर म्हनलंस, मनातलं."

उदाहरणादाखल एक ओवी अर्जदार येथे लिहीत आहेत. ही पुस्तकातून उतरवलेली नाही, दि. १८ ऑक्टोबर रोजी रंभाबाईंच्या तोंडून उतरवलेली आहे, याची नोंद घ्यावी :

पिकलं आगरी मीठ, नाय कोंब, नाय पालवी,
दूर दिली लेक तिला माय सपनात बोलवी.

७. रंभाबाई ज्या ओवीच्या दुसऱ्या चरणाशी रोज अडतात ती, त्यांच्या सांगण्याप्रमाणे, पुस्तकात अगदी शेवटी आहे. अर्जदारांनी आधी शेवटच्या पानांकडे वळावे, ती अडलेली ओवीच आधी आणावी, असे कोणीही म्हणेल. अर्जदारांची पुतणी ऐश्वर्याही तेच म्हणाली. परंतु रंभाबाईंनी मना केले. जाते उलटे फिरवत नाहीत. ओव्या पहिल्यापासूनच यायला हव्यात, असा त्यांचा नेम आहे. अर्जदारांनी तो मोडला नाही. आता वाटते की मोडायला हवा होता.

८. दि. १ नोव्हेंबर रोजी श्री. वाळंज यांच्या लक्षात आले की अर्जदार नुसत्या वाचत नाहीत, डोळे मिटतात. त्यांनी विचारले. अर्जदार खोटे बोलल्या नाहीत. त्यावर भिंतीवर सूचना लागली : 'ग्रंथातील मजकूर पाठ करून वाचनालयाबाहेर नेण्यास मनाई आहे.' रोज पेपर वाचायला येणारे आबा गायकर तेव्हा म्हणाले, "तानाजीराव, मग बाईंचं डोकं इथंच जमा करून घ्या, छत्रीबरोबर. टोकन द्या." सगळे हसले. श्री. वाळंजही हसले, पण सूचना तशीच राहिली.

९. दि. ४ नोव्हेंबर रोजी अर्जदारांनी पुस्तक मागितले तेव्हा ते कपाटातून काढलेले होते. वाळवी लागलेल्या जुन्या पुस्तकांचे निर्लेखन करायचे, म्हणजे ती दफ्तरातून कमी करून रद्दीला द्यायची, असा ठराव आहे. गठ्ठे बांधून कपाटासमोर ठेवले आहेत. 'खाडीकाठचं दळण' गठ्ठा क्रमांक तीनमध्ये आहे. त्याचा पिवळा पुठ्ठा सुतळीखालून दिसतो. अर्जदारांनी गठ्ठा सोडायची विनंती केली. उत्तर मिळाले की निर्लेखित ग्रंथ वाचकास देता येत नाही, विकता येत नाही, आणि हक्क सुरक्षित असल्याने त्याची नक्कलही करता येत नाही. दि. २८ ला टेम्पो येणार.

म्हणजे, महोदय, या पुस्तकाची एक प्रत काढणे हा गुन्हा, आणि उरलेली एक प्रत लगद्यात घालणे हा ठराव.

१०. अर्जदार कायदा शिकलेल्या नाहीत. ऐश्वर्या ठाण्याला कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिने वाचून सांगितले ते असे. श्री. वझरकर यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो. हे पुस्तक १ जानेवारी २०५२ रोजी सर्वांसाठी मोकळे होईल. त्या दिवशी रंभाबाईंनी एकशे दहा वर्षे पूर्ण केलेली असतील. परंतु त्याच कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये दोन दारे उघडी ठेवलेली आहेत. जे पुस्तक भारतात विक्रीस मिळत नाही त्याच्या तीनपर्यंत प्रती सार्वजनिक ग्रंथालयाचा प्रमुख ग्रंथालयाच्या उपयोगासाठी काढू शकतो. आणि दिव्यांग व्यक्तीला वाचता किंवा ऐकता यावे अशा रूपात नक्कल करून देण्यासही मुभा आहे. रंभाबाईंना दिसत नाही. दाखला जोडला आहे. अर्जदारांना पुस्तकाची मालकी नको. त्यांना फक्त ते मोठ्याने वाचून टेप करायचे आहे. कायद्याने दार लावलेले नाही, महोदय. दाराशी उभ्या असलेल्या माणसाला नोटिशीची भीती वाटते आहे. आपण एक ओळ लिहिलीत तर ती जाईल.

११. आज १८ तारीख आहे. मध्ये दहा दिवस आहेत. त्यातला एक सोमवार, वाचनालय बंद. अडतीस ओव्या उरल्या आहेत. आलेल्या तेवीसपैकी दोन या आठवड्यात पुन्हा गेल्या, अर्जदारांनी त्या परत सांगितल्या तेव्हा रंभाबाईंनी विचारले, "कुनाच्या गो या? गोड हायत."

१२. वाचनालयाची अट अपुरी राहू नये म्हणून ना-हरकत पत्रही सोबत जोडले आहे. पत्र क्रमांक ४६ वाचून दाखवल्यावर रंभाबाई म्हणाल्या, "गोल शिक्का पायजे ना? मग त्याच्यापाशी हाय की." त्यांनी खालच्या तळीला काजळ लावायला सांगितले, त्यावर कागद ठेवला आणि दोघी सासूसुनांनी मिळून वरची तळी त्यावर टेकवली. फिरवली नाही. फिरवली असती तर ओवी लागली असती आणि अर्धवट राहिली असती. कागदावर दगडाला मारलेल्या टाकीच्या घावांचा गोल उमटला आहे. वरची तळी जिच्यावर फिरते त्या मधल्या खिळीची जागा कोरी आहे. साक्षीदार म्हणून ऐश्वर्या आणि शेजारच्या शांताबाई यांच्या सह्या आहेत. यात कोणाची चेष्टा करण्याचा हेतू नाही. ओव्यांवर हक्क कोणाचा हे विचारल्यावर रंभाबाईंनी जे नाव सांगितले, त्याचाच हा शिक्का आहे.

१३. तरी विनंती की, (अ) गठ्ठा क्रमांक तीन दि. २८ पूर्वी सोडण्याचे, (ब) कलम ५२ प्रमाणे प्रत काढून मूळ पुस्तक व ती प्रत वाचनालयातच जपण्याचे, आणि (क) अर्जदारांना एक दिवस मोठ्याने वाचून टेप करू देण्याचे आदेश व्हावेत. वाचनकक्षात शांतता राखण्याचा नियम अर्जदारांना माहीत आहे. त्या कपाटामागे बसून हळू वाचतील.

आपल्या एका ओळीची वाट पाहणारी,
आपली नम्र,

(सही)
सौ. दर्शना सुदेश भोईर

निशाणी डावा अंगठा : श्रीमती रंभाबाई बाळकृष्ण भोईर

ठिकाण : कोपरी, ठाणे (पूर्व)
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) रंभाबाईंचा अंधत्वाचा दाखला.
२) वाचनालयाची पत्रे, जा. क्र. ४१ व ४६.
३) श्री. जाते यांचे ना-हरकत पत्र, गोल शिक्क्यासह. (काजळ ओले आहे. घडी घालू नये.)
४) अडलेली ओवी, रंभाबाईंनी सांगितली तेवढी :
पहिला चरण : दान्यामागं दाना जातो, जातं नाय थकत,
दुसरा चरण : विठ्ठलवाडी, कपाट क्रमांक सातसमोर, गठ्ठा क्रमांक तीन.